आधी पकड, मग पॉलिश

मागच्या महिन्यात क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं आणि मी दोन मिनिटं गारच पडले. सगळ्यात मोठी एंट्री ना बुटांची, ना पर्सची, ना गोव्याच्या तिकिटाची. ती होती एका व्हाइसची! नाही हो, व्यसनवाला व्हाइस नाही. वर्कशॉपमधल्या बाकाला बसवलेला असतो ना, जबड्यात लोखंडाचा तुकडा आवळून धरणारा, तो. आणि हा तर त्याचा पिटुकला चुलतभाऊ. याच्या जबड्यात धरायचा फक्त एक मासे पकडायचा हूक. किंमत मात्र माझ्या दोन महिन्यांच्या कॉलमच्या मानधनाएवढी. (संपादकसाहेब, वाचताय ना?)

"एवढे पैसे? हूक धरायला?" रूममेट किंचाळली. "बोटं कशाला दिलीत मग देवाने?"

तिला काय सांगणार? सगळा प्रश्न बोटांचाच तर होता.

हे हेअर जिग काय प्रकरण आहे?

ज्यांचा मासळीशी संबंध फक्त सुरमई थाळीपुरता आहे, त्यांच्यासाठी छोटीशी शिकवणी. जिग म्हणजे शिशाची मुंडी ओतलेला हूक. मुंडीच्या मागे केसांचा किंवा पिसांचा झुबका दोऱ्याने आवळून बांधला की झाला हेअर जिग. पाण्यात सोडायचा, काठीने हलके झटके देत ओढायचा. केस पाण्यात मिटतात, फुलतात आणि माशाला वाटतं छोटी मासोळी नाहीतर कोळंबी चाललीय. ना बॅटरी, ना रंगीत प्लास्टिक. फंडा इतका साधा की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सर्व्हायव्हल किटमध्ये केसांचं जिग असायचं. जहाज बुडालं तर निदान मासा पकडून जगा!

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर आमच्या चौलच्या घरून रोज संध्याकाळी रेवदंड्याच्या खाडीवर. आधी गळाला कोळंबी लावून बसायचे. मग तिथे मुंबई-पुण्याहून काठी-रीळ घेऊन येणारी पोरं भेटली आणि बाबांना साठीत जिगचं वेड लागलं. रबराच्या मऊ शेपट्याही वापरून झाल्या. पण आमच्या खाडीत केंड भरपूर. तो फुगणारा मासा हो, दात म्हणजे कात्रीच. दोन फेकींत रबराची शेपटी अर्धी गायब. केसांचं जिग कुरतडलं तरी चार केस जातात, बाकीचे काम करत राहतात. म्हणून बाबा म्हणाले, विकत कशाला घ्यायचं? बांधू की आपण.

बाबांची पद्धत काय होती माहितेय? पक्कड गुडघ्यांत धरायची, पक्कडीत हूक, दोऱ्याचं एक टोक दातांत आणि दोन्ही हातांनी बांधायचं. (दोरा दातांत धरायची सवय आधी सोडा. शिसं हाताळलेला हात, तोच दोरा आणि तेच तोंड. शिसं पोटात जायला नको. काम झालं की हात साबणाने धुवायचेच.)

मग २०२३ च्या मार्चमध्ये बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. सौम्य होता. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. उजव्या हाताने मात्र पूर्वीसारखं ऐकलं नाही. खांद्यापासून जोर आहे, तळव्याने दार ढकलता येतं, पण बोटं बारीक कामाला लागली की थरथरतात. शर्टाचं बटन लावायला पाच मिनिटं. ज्या माणसाने डोळे मिटून नटबोल्ट बसवले त्याला हे किती लागत असेल, तुम्हीच विचार करा. फिजिओथेरपिस्टनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो बाबांनी शेजारच्या पोराला क्रिकेट खेळायला देऊन टाकला.

जिग बांधणं मात्र सुरूच. शेवटी गेल्या पावसाळ्यात एकदा पक्कड गुडघ्यातून सटकली आणि हूक सरळ डाव्या हाताच्या तळव्यात. काट्यासकट. डॉक्टरांनी काढला, इंजेक्शन दिलं. घरी आल्यावर आईने जिगचा सगळा डबा माळ्यावर टाकला. "एक हात आधीच गेलाय. आता दुसरा घालवायचाय का?"

बाबा काही बोलले नाहीत. हेच तर वाईट होतं. त्यानंतर मी दर शनिवारी रो-रोने मांडव्याला उतरून घरी जायचे, तर बाबा टीव्हीसमोर. कुठल्याही चॅनेलवर. आवाज बंद.

पहिला व्हाइस, पहिला पचका

मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. मोबाइल काढला, सर्च केलं आणि सगळ्यात स्वस्त दिसला तो मागवला. फ्लाय टाइंग व्हाइस म्हणतात याला, कारण मुळात तो माशी बांधणाऱ्यांसाठी. माशी म्हणजे पिसांचा नकली किडा, जिगचा नाजूक भाऊ. जिग बांधणारेही हाच व्हाइस वापरतात.

हे स्वस्त मॉडेल म्हणजे एका जुन्या अमेरिकी व्हाइसची नक्कल. इलिनॉयमधल्या एल्जिन गावात डी. एच. थॉम्प्सन नावाची कंपनी होती, तिचं 'मॉडेल ए'. तिकडच्या कित्येक पिढ्या याच्यावरच शिकल्या. आणि गंमत म्हणजे त्याच्या स्वस्त नकला वर्षानुवर्षं आपल्या भारतात बनून जगभर जातायत. अमेरिकेत नवशिक्याच्या किटमध्ये जो व्हाइस निघतो, तो बऱ्याचदा 'मेड इन इंडिया' असतो!

बाबांनी तो हातात घेतला आणि खरं सांगते, सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांचे डोळे बदलले. फिटरचे डोळे. दांडी खाली केली, वर केली. "कॉलेट आहे," म्हणाले. "मागून कॅम ओढते, जबडा नळीत शिरतो, मिटतो. डिझाइन झकास." मग ३/० नंबरचा हूक लावला, डाव्या हाताने दोरा ओढला आणि हूक मान टाकून खाली. आणखी आवळला. परत खाली. काढून बघितलं तर जबड्यावर हूकच्या तारेची खोबणी उमटलेली.

"लोखंड मऊ आहे," बाबा म्हणाले. "टेंपर नीट दिलेलं नाही. हूक याच्यापेक्षा कडक. मग कोण कोणाला चावणार?"

कानस मारून झाली, परत लावून झाला. एकदा खोबणी पडली की बारीक हूकही त्यात सैल बसतो. तासाभराने बाबांनी व्हाइस परत डब्यात ठेवला आणि टीव्ही लावला. मला रडायलाच आलं. पैसे गेले त्याचं काही नाही हो. दुसऱ्यांदा हातातून काहीतरी सटकलं, आणि या वेळी ते मी आणून दिलेलं होतं.

एक मात्र कबूल करते. हे मॉडेल सगळ्यांसाठी टाकाऊ नाही. बारीक तारेचे छोटे हूक आणि हलकी जिग असतील, तर शिकायला पुरतं. आमची जिग खाडीची: अर्ध्या औंसाचं, म्हणजे साधारण १४ ग्रॅमचं शिसं, जाड तार, मोठा हूक. छोट्या हूकवर चालणारा जबडा मोठ्या हूकवर चालेलच असं नाही. हा पहिला धडा मी पैसे मोजून शिकले.

मिनिआपोलिसहून फोन

आमचा दादा, माझा चुलतभाऊ, मिनिआपोलिसला असतो. आयटी, मॉर्गेज, दोन मुलं, सगळं यथासांग. शिवाय तिकडच्या लांबलचक हिवाळ्यात तळघरात बसून हेअर जिग बांधणं. शहराच्या उत्तरेला मिल लॅक्स नावाचं भलंमोठं तळं आहे, स्मॉलमाउथ बास माशासाठी प्रसिद्ध. बर्फ वितळल्यावर पाणी थंडगार असतं, मासा सुस्त असतो. तेव्हा मॅराबूचं जिग जवळपास जागच्या जागी धरलं तरी पीस आपोआप हलतं. (मॅराबू हे मुळात करकोच्याचं नाव. आता वापरतात ते टर्कीचं मऊ पीस.) दादाने बाबांकडूनच गळ टाकायला शिकलेलं. म्हटलं, यालाच विचारू.

मी आधीच सगळं वाचून यादी करून बसले होते: स्टेनलेस स्टील, रोटरी, चकाचक ॲनोडाइज्ड रंग, आजीवन वॉरंटी. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकांचा कुठला हात काय करणार आहे?"

मी गप्प. मोबाइल घेतानासुद्धा आपण फीचर्स बघतो, अंगठा बघत नाही. इथेही मी तेच करत होते.

"जिग बांधताना दोन हातांना वेगवेगळी कामं असतात," दादा म्हणाला. "एक हात केसांचा झुबका धरतो, दुसरा दोरा गुंडाळतो. हूक लावताना एक हात हूक धरतो, दुसरा जबडा मिटवतो. काकांचा डावा हात बारीक कामाचा, उजवा जोराचा. आता सांग, कुठला व्हाइस?"

मग त्याने एकेक करून समजावलं.

पहिला प्रकार आमचा पचकलेला कॉलेटवाला. चांगल्या पोलादात तोही उत्तम, पण दर वेळी हूकची जाडी बदलली की ॲडजस्ट करावा लागतो.

दुसरा प्रकार स्प्रिंगचा. मॅसॅच्युसेट्समधल्या रीगल कंपनीचा व्हाइस या प्रकारात सगळ्यांना माहीत. दांडी मुठीत दाबली की जबडा उघडतो, सोडली की मिटतो. स्क्रू नाही, सेटिंग नाही. बारीक हूक लावा नाहीतर जाडजूड, पकड तयार. जिगवाल्यांमध्ये याचे भक्त पुष्कळ. मी लगेच म्हटलं, हाच! दादा म्हणाला, "थांब. दांडी दाबायला मुठीत जोर लागतो. तो काकांच्या डाव्या हातात आहे. मग हूक कोण धरणार? थरथरणारा उजवा?" डोळ्यांसमोर आला तो काट्यासकट घुसलेला हूक. रीगल बाद. व्हाइस वाईट म्हणून नाही बरं का, आमच्या हातांना चालणारा नाही म्हणून.

तिसरा प्रकार कॅमच्या दांडीचा. हूकच्या जाडीप्रमाणे जबड्याचं अंतर एकदा स्क्रूने सेट करायचं. मग हूक ठेवायचा आणि दांडी ढकलायची. कॅम फिरते, जबडा मिटतो. डावा हात हूक धरेल, उजव्याने फक्त तळव्याने दांडी ढकलायची. बोटांचं काम नाही, खांद्याचा जोर पुरे. बाबा एकाच साइजच्या हूकवर काम करतात, म्हणजे सेटिंगची कटकट एकदाच. जमलं!

फिरता असावा की स्थिर?

आता माझा लाडका शब्द: रोटरी. मला तो हवा होता कारण दिसायला जाम भारी दिसतो. निघालं असं, की बाबांनाही तोच हवा होता, पण भलत्याच कारणासाठी.

खऱ्या रोटरी व्हाइसमध्ये हूकची दांडी फिरण्याच्या अक्षावर बसते. क्रँक फिरवला की हूक जागच्या जागी गोल फिरतो, वरखाली उडत नाही. जिगमध्ये केस चहूबाजूंनी बसवायचे असतात: वर एक झुबका, खाली एक, दोन बाजूंना दोन. शिवाय जिग पाण्यात उलटं पोहतं, हूकचं टोक वर करून. व्हाइसमध्ये मात्र टोक खाली असतं. म्हणजे बांधताना जी बाजू तुमच्या समोर वर आहे, ते माशाच्या दृष्टीने पोट! स्थिर व्हाइसमध्ये खालची बाजू बघायला मान वाकडी करा, हात वळवून खालून घाला. आणि हात घालायला जागा किती? पुढे शिशाची मुंडी, मागे जबडा, मधे जेमतेम अर्धा इंच. धडधाकट हाताची तिथे फजिती होते. रोटरीत हात स्थिर ठेवायचा, हूकलाच फिरवायचं.

एक गोम मात्र आहे. जिगचं डोळं, म्हणजे दोर ओवायचं भोक, वरच्या अंगाला वळलेलं असतं आणि शिशाचं वजन अक्षावर नीट बसत नाही. सैल रोटरीत मुंडी स्वतःच गोल फिरून खाली लोंबते. म्हणून फिरण्याचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का, हे बघायचं. तो थोडा आवळला की जिथे थांबवाल तिथे थांबतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे माझ्या यादीत नव्हतंच: डावखुऱ्यांचा व्हाइस. नेहमीच्या व्हाइसमध्ये हूकचं डोळं उजवीकडे असतं, कारण उजवा हात दोरा गुंडाळणार असं गृहीत धरलेलं. जबडा उलटा वळवून भागवता येतं, पण मग कॅमची दांडी, क्रँक, स्क्रू सगळं गैरसोयीच्या बाजूला. फ्लोरिडाची रेन्झेटी कंपनी डावखुऱ्यांसाठी वेगळं मॉडेल काढते. बाबा जन्माने उजवे. साठीनंतर डावखुरे झाले. त्यांच्यासाठी कुणीतरी आधीच विचार करून ठेवलाय, हे मला का कुणास ठाऊक फार बरं वाटलं.

किंमत ऐकून मात्र बरं वाटायचं थांबलं. चांगले रोटरी व्हाइस दोनशे डॉलरच्या पुढेच सुरू होतात. सेकंडहँड मिळाला असता, पण डावखुरा कुठे मिळणार? मी एक रात्र झोपले नाही. मग मानधनाचा हिशेब केला, नव्या वर्षाचा गोवा कॅन्सल केला आणि कार्ड स्वाइप केलं.

उरला प्रश्न तो उभा कशावर करायचा? टेबलाच्या कडेला आवळायचा सी-क्लँप की जड बैठक? बैठक कुठल्याही टेबलावर चालते, पण जड नसेल तर दोरा ओढताना व्हाइस डोलतो. दादा म्हणाला, "माझ्या २३ किलोच्या बॅगेत लोखंडाची वीट नको." म्हणून क्लँप. दोरा कितीही ओढा, टेबल येईल पण व्हाइस येणार नाही. फक्त आधी टेबलाची जाडी मोजून घ्या. आणि काचेच्या डायनिंग टेबलाला क्लँप? स्वप्नातही नाही. बाबांचं जुनं सागवानी टेबल मी आधीच मोजून फोटो पाठवला होता.

बोकड आणि नेलपॉलिश

केसांबद्दल दोन शब्द, कारण त्यांचा पकडीशी संबंध आहे. अमेरिकेत जिगला लावतात ते बकटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळ-सांबराच्या केसाच्या वाटेला जायचं नाही, कुणी 'जुनं आहे' म्हणून दिलं तरी नाही. दादालाही सांगितलं, येताना शेपटीबिपटी काही आणू नकोस. आपल्याकडे बोकड आहे ना! मटणवाल्याकडून लांब केस मागून आणायचे, शाम्पूने धुवायचे, सावलीत वाळवायचे. (आईचा शाम्पू न वापरल्यास संसार सुखाचा होतो.)

हरणाच्या शेपटीच्या बुडाकडचे केस पोकळ असतात, दोरा आवळला की दबून पसरतात. बोकडाचा केस तसा पसरत नाही, गुळगुळीत असतो, सटकतो. त्यामुळे दोरा जास्त ओढून बांधावा लागतो. आणि दोरा जितका ओढाल तितका जबड्यावर ताण. म्हणजे फिरून गाडी तिथेच येते: आधी पकड. शेवटी गाठीवर नेलपॉलिशचे दोन हात दिले की झालं. ते बाकी कुठल्याही ब्रँडचं चालतं.

चौलमध्ये डिसेंबर

दादा डिसेंबरमध्ये आला. बाबांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. टेबलाला व्हाइस लावला आणि नुसतं हाक मारली.

बाबांनी आधी जबडा बघितला. चकाकणाऱ्या बाकी भागाकडे लक्षच नाही. नखाने टिचकी मारली. हूक लावला, उजव्या हाताचा तळवा दांडीवर ठेवला, ढकलला. मग अंगठ्याने हूकच्या डोळ्याकडची बाजू खाली दाबली. हूक वाकला आणि परत वर आला. जबड्यात केसभरही सरकला नाही. दादाने माझ्याकडे बघितलं. हीच टेस्ट त्याने मला फोनवर सांगितली होती. बाबांना ती कुणी सांगायची गरज नव्हती.

"टेंपर आहे," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "केवढ्याला?"

मी अर्धी किंमत सांगितली. आईने पाव समजली.

पहिलं जिग बांधायला एक तास दहा मिनिटं लागली. दादाने मदतीला हात पुढे केला तर बाबांनी कोपराने बाजूला सारला. दोरा दोनदा तुटला. डाव्या हाताला गुंडाळायची सवय नाही, त्यामुळे वेढे एकावर एक. उजवा तळवा क्रँक हळूहळू फिरवत होता, थरथरत होता, पण थरथरीने हूक हलत नव्हता. एवढंच हवं होतं. जिग झालं तेव्हा झुबका एका बाजूला झुकलेला, गाठ वाटाण्याएवढी. आईने न बोलता आपली लाल नेलपॉलिशची बाटली आणून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही तिघं खाडीवर. जिताडा काही लागला नाही. केंडाने मात्र दोनदा चावून बघितलं. चार केस गेले. बाकीचे शाबूत. बाबा घरी येऊन म्हणाले, "झुबका वरून जास्त झालाय, पोटाला कमी." आणि परत टेबलाशी बसले.

स्वतःसाठी घेताना

• आपण कुठल्या नंबरचा हूक जास्त वापरणार ते आधी ठरवा. कंपनीने दिलेल्या रेंजच्या अगदी टोकावर विसंबू नका.
• शक्य असेल तर तोच हूक खिशात घेऊन जा. जबड्यात लावा, डोळ्याकडे दाबा. हूक वाकला पाहिजे, सरकता कामा नये. काढल्यावर जबड्यावर खूण दिसली तर 'थँक यू' म्हणून बाहेर पडा.
• हूक वाकणात धरा. टोक आणि काटा जबड्यात चेपू नका, बोथट होतात. बांधताना मात्र त्या उघड्या टोकापासून बोटं आणि दोरा दोन्ही जपा.
• कुठला हात हूक धरणार, कुठला जबडा मिटवणार, हे दुकानातच करून बघा. आईबाबांसाठी घेताय तर त्यांनाच करायला सांगा.
• रोटरी असेल तर ताणाचा स्क्रू हवाच. शिशाची मुंडी लावून फिरवून बघा.
• क्लँप घेताय? टेबलाची जाडी मोजा. बैठक घेताय? वजन उचलून बघा.
• बजेट कमी असेल तर रंग सोडा, रोटरी सोडा, बॅग सोडा. जबड्याचं पोलाद सोडू नका.

परवा मीटिंगमध्ये असताना बाबांचा फोन आला. ते कधीच दिवसा करत नाहीत. पोटात गोळाच आला. बाहेर पळत जाऊन उचलला.

"अगं, तो पांढरा नायलॉनचा दोरा संपला. शनिवारी येशील तेव्हा घेऊन ये. दोन रिळं."

"एवढी कशाला, बाबा?"

"पुलावरची पोरं मागतायत. आणि ऐक, आईची नेलपॉलिशपण आण. लालच."

मीटिंगमध्ये परत गेले तर बॉस विचारतो, काही प्रॉब्लेम? म्हटलं, नाही सर. सप्लाय चेन.

भेटूच पुढच्या शुक्रवारी!